खडकवासल्याच्या वाटेवरचे घर

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमांना लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात वर्दीची ओढ नवी नाही. तिरोडा, गोरेगाव, आमगाव, देवरी या तालुक्यांतल्या डांबरी रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली जवळजवळ बाराही महिने दिसतात. त्यांच्यापैकी कुणी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी वेळ लावून धावत असते, तर कुणी २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून अग्निवीर होण्याची तयारी करत असते. या भरतीची वाट गावातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. जाहिरात कधी निघते, फॉर्म कुठे भरायचा, ग्राउंड कुठे होते, गेल्या खेपेला मेरिट किती गुणांवर थांबले, हे सारे पानठेल्यावर चर्चिले जाते. परंतु बारावीच्या वयातच थेट सैन्याधिकाऱ्याच्या शिक्षणाला प्रवेश देणारी जी दुसरी वाट पुण्याजवळच्या खडकवासल्याला जाते, तिच्याविषयी हीच गावे, हीच घरे आणि पुष्कळदा इथल्या शाळाही मौन बाळगतात. जवानाच्या पदात कमीपणा काहीच नाही. पण काटकपणा आणि कष्टाची सवय यांत कुठेही उणे नसलेल्या मुलांना दुसरी वाट असल्याचे कळूच नये, हे मात्र त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, आणि त्याचे कारण मुलांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या मोठ्या माणसांत अधिक शोधावे लागते. म्हणून लष्करी प्रबोधिनीत शिकू पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घराने आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न या जिल्ह्यापुरता वेगळा काढून विचारण्याजोगा आहे.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनडीए, ही भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही सेनादलांच्या भावी अधिकाऱ्यांना एका आवारात शिकवणारी संस्था आहे. १९४९ च्या जानेवारीत डेहराडून येथे तिचे पूर्वरूप सुरू झाले, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याला कोनशिला बसली आणि १९५४ च्या डिसेंबरात प्रबोधिनी तिथे रीतसर सुरू झाली. साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात इथे प्रवेश मिळतो. तीन वर्षांच्या सहा टर्ममध्ये पदवीचा अभ्यास आणि लष्करी प्रशिक्षण जोडीने चालते, पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते, आणि त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीत, नौदलाचे केरळातील एझिमला येथे आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगल येथे पुढील प्रशिक्षणासाठी जातात. मुलींना हे दार फार उशिरा उघडले. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अंतरिम आदेशामुळे त्यांना परीक्षेला बसता आले, २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्या तुकडीतील १७ छात्रांनी दीक्षांत संचलनात भाग घेऊन प्रबोधिनीचा निरोप घेतला. गोंदियाच्या ज्या घरांत मुलीच्या पोलीस भरतीचा विचार आता सहज होतो, त्या घरांनी ही तारीख लक्षात ठेवावी अशी आहे.

प्रवेशासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा, सामान्यतः एप्रिल आणि सप्टेंबर महिन्यांत, लेखी परीक्षा घेतो. गणिताची प्रश्नपत्रिका ३०० गुणांची आणि सामान्य क्षमतेची ६०० गुणांची असते. तिच्यातले २०० गुण एकट्या इंग्रजीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत निघते, मराठीत निघत नाही. घरात पोवारी, गोंडी, छत्तीसगडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या आणि बाजारात हिंदीची सवय असलेल्या गोंदियाच्या मुलाला हिंदीचे भय नसते. त्याची अडचण होते ती मराठीत शिकलेल्या संज्ञा ऐन परीक्षेत दुसऱ्याच भाषेत समोर आल्याने, आणि पुढे प्रबोधिनीतले सर्व अध्यापन इंग्रजीत असल्याने. ही अडचण बारावीनंतरच्या चार महिन्यांच्या शिकवणीने सुटत नाही, ती आठवीपासूनच्या वाचनाने सुटते. परीक्षा द्यायला मात्र फार लांब जावे लागत नाही. नागपूर हे केंद्र गोंदियापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे, आणि त्या वाटेवर नागपूरच्या थोडे अलीकडे कामठी लागते, जिथे १८२१ पासून लष्कराची छावणी आहे. पिढ्यान्‌पिढ्या या लोहमार्गाने ये-जा करणाऱ्या किती घरांनी त्या छावणीकडे आपल्या मुलाच्या भविष्याचे एक ठिकाण म्हणून पाहिले असेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

अधिकारी घडवण्याचे काम घर एकट्याने करू शकत नाही, हे राज्यकर्त्यांना फार पूर्वी कळले होते. इंग्रजी अमदानीत १९१८ पासून सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा ठेवण्यात आल्या, तेव्हा त्या जागांसाठी मुले तयार व्हावीत म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला आजचे राष्ट्रीय भारतीय सैन्य महाविद्यालय उघडावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. तरीही प्रबोधिनी महाराष्ट्राच्या भूमीवर असूनही तिच्यात मराठी मुले कमी, ही खंत उरलीच, आणि तिच्यातून राज्य शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर निवड परीक्षा घेऊन मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे ठेवायचे आणि शालेय अभ्यासाबरोबर एनडीएची तयारी करून घ्यायची, अशी ही योजना आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. विदर्भापुरते बोलायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ २०१९ पासून सैनिक शाळा आहे, आणि गोंदियाहून बल्लारशाहला थेट लोहमार्गही आहे. जिल्ह्यातच पाहिले तर नवेगावबांधचे जवाहर नवोदय विद्यालय आणि देवरी तालुक्यातील बोरगाव (बाजार) येथील एकलव्य निवासी शाळा या सैनिकी संस्था नसल्या, तरी घरापासून दूर राहून शिस्तीत शिकण्याची सवय त्या लावतात, आणि ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

या सगळ्या संस्थांची प्रवेशाची वये पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. सैनिक शाळेत सहावीला किंवा नववीला प्रवेश मिळतो आणि सेवापूर्व संस्थेत दहावीनंतर, म्हणजे निर्णयाची वेळ येते तेव्हा मूल दहा, चौदा किंवा सोळा वर्षांचे असते आणि निर्णय प्रत्यक्षात घराचा असतो. गोंदिया जिल्ह्यात तो घेणे इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण इथल्या शेतीला घरातला प्रत्येक हात लागतो. जिल्हा धानाचा आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात वाकून रोवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मग मळणी, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुले वेचायची आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम धरायचा, असे वर्षाचे चक्र फिरत असते. प्रबोधिनीचे वेळापत्रक नेमके याला आडवे जाते. एप्रिलची लेखी परीक्षा मोहाच्या हंगामात येते, नव्या तुकड्यांपैकी एक जुलैच्या सुमारास, ऐन रोवणीत दाखल होते, आणि दीक्षांत संचलने मेअखेर व नोव्हेंबरअखेर होतात, म्हणजे एकदा उन्हाळी धान निघताना आणि एकदा खरिपाचा धान खरेदी केंद्रावर न्यायच्या घाईत. दोन एकरांचा धनी असलेला बाप अशा वेळी मुलाला जाऊ देतो, तेव्हा तो शिकवणीच्या फीपेक्षा मोठी किंमत मोजत असतो, आणि ती कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

लेखी परीक्षेनंतरचा टप्पा मात्र असा आहे की तिथे या कष्टकरी घराची बाजू लंगडी नाही, उलट भक्कम आहे, फक्त ती घराला ठाऊक नाही. लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांना सेवा निवड मंडळ, ज्याला सर्वजण एसएसबी म्हणतात, पाच दिवसांच्या चाचणीसाठी बोलावते. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू अशा ठिकाणी ही मंडळे आहेत, आणि तिथले गुण लेखी परीक्षेइतकेच, म्हणजे ९०० आहेत. पहिल्या दिवशीच्या छाननीत पुष्कळ जण 'स्क्रीन आउट' होऊन परततात. उरलेल्यांची परीक्षा तीन बाजूंनी होते आणि त्या पद्धतीला मंडळातच मनसा, वाचा, कर्मणा असे म्हटले जाते: मानसशास्त्रज्ञ मनाचा ठाव घेतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलण्यातून माणूस ओळखतो आणि मैदानावरचा अधिकारी गटात काम करताना उमेदवार कसा वागतो ते टिपतो. तिन्ही निरीक्षणे एकमेकांशी ताडून पाहिली जातात, त्यामुळे पाठ केलेले व्यक्तिमत्त्व फार काळ टिकत नाही.

या चाचण्यांपैकी एक पालकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. 'सेल्फ डिस्क्रिप्शन' नावाच्या या लेखनात उमेदवाराला पंधरा मिनिटांत पाच गोष्टी लिहायच्या असतात: आई-वडिलांचे आपल्याविषयी काय मत आहे, शिक्षकांचे काय, मित्रांचे काय, आपण स्वतःला कसे ओळखतो, आणि पुढे कसे व्हावेसे वाटते. पहिलाच प्रश्न आई-वडिलांचा आहे. तो शांतपणे वाचला तर लक्षात येते की इथे मुलाबरोबर घरातल्या संभाषणाचीही परीक्षा चालली आहे. ज्या घरात बाप मुलाशी कामापुरते बोलतो, चुकले तर रागावतो आणि बरोबर केले तर ते गृहीत धरून पुढच्या कामाला लागतो, त्या घरातल्या मुलाला आपल्याविषयी आई-वडिलांना काय वाटते हे खरोखर माहीतच नसते. मग तो आज्ञाधारक, मेहनती, प्रामाणिक अशी विशेषणे मांडून मोकळा होतो, आणि अशा विशेषणांचे शेकडो कागद वाचलेल्या परीक्षकाला त्यातून काहीच दिसत नाही. ग्रामीण घरात माया कमी असते असे कुणी म्हणू नये. ती हातातून व्यक्त होते, डब्यातल्या जास्तीच्या भाकरीतून व्यक्त होते; पण परीक्षेच्या कागदावर शब्द लागतात, आणि ते शब्द मुलाच्या कानांवर आधी कधीतरी पडलेले असावे लागतात. तू घाईत निर्णय घेतोस, पण एकदा घेतलास की मागे सरत नाहीस. लहान भावाला समजावताना तुझा आवाज चढतो. मागच्या पावसाळ्यात बांधी फुटली तेव्हा तू कुणी सांगण्याआधी फावडे घेऊन गेलास, ते लक्षात आहे. असे स्पष्ट, खरे, गुण-दोषांसह बोललेले चार वाक्यांचे मत कोणत्याही महागड्या क्लासपेक्षा मोलाचे आहे, आणि ते देणे केवळ आई-वडिलांच्याच हाती आहे.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. मुलाखतीत अधिकारी घरच्या कामाविषयी बारकाईने विचारतात, कारण पुढे ज्याला माणसांची जबाबदारी घ्यायची आहे त्याने आजवर कशाची घेतली, हे त्यांना पाहायचे असते. धान खरेदी केंद्रावरचे काम याचे चांगले उदाहरण ठरेल. सातबारा आणि आधार घेऊन ऑनलाइन नोंदणी करायची, नंबर लागेपर्यंत वाट पाहायची, बारदाना मिळवायचा, ओलावा १७ टक्क्यांच्या वर दाखवला गेला तर धान पुन्हा वाळवायला पसरायचा, वजनकाट्यावर लक्ष ठेवायचे आणि शेवटी पैसे बापाच्या खात्यात जमा झाले की नाही ते पाहायचे. हे सगळे अनेक घरांत अकरावी-बारावीतले मूलच करते, कारण मोबाइलवरचा फॉर्म त्यालाच समजतो. हीच गोष्ट आईच्या बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या मुलीची, किंवा आजीला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन जाऊन केसपेपरपासून औषधापर्यंत सारे निभावणाऱ्या मुलीची. पुढाकार, नियोजन, चिकाटी, माणसांना सोबत घेणे, असे जे गुण निवड मंडळ शोधते ते या कामांत उघड उघड दिसतात. मात्र ती कामे करणाऱ्या मुलांना ती सांगण्याजोगी वाटत नाहीत. शहरातल्या क्लासमध्ये ऐकलेल्या ट्रेकिंगच्या आणि वादविवाद स्पर्धेच्या गोष्टी मोठ्या आणि धानाच्या गोष्टी लहान, असा न्यूनगंड त्यांच्या मनात कुणीतरी पेरलेला असतो. तो काढून टाकणे हा घराचा आणि शिक्षकांचा पहिला आधार. यातून आणखी एक निष्कर्ष निघतो, आणि तो अनेक चांगल्या पालकांना रुचणार नाही: मुलाने फक्त अभ्यास करावा म्हणून त्याला घरच्या प्रत्येक कामातून मोकळे करणारा आणि त्याचा प्रत्येक निर्णय स्वतः घेणारा पालक, सगळे प्रेमाने करूनही, त्याला या निवडीसाठी दुबळा करत असतो. वेळ द्यावा, पण भारही ठेवावा.

शरीराच्या बाबतीत घराला करता येण्याजोगे काम साधे आहे आणि ते बहुतेकदा राहून जाते. रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघ्यांची ठेवण, दात, कान, नजर यांची तपासणी वैद्यकीय मंडळ काटेकोरपणे करते, आणि यांतल्या काही त्रुटी सुटण्यासारख्या असतात तर काही नसतात. चार वर्षे तयारी करून रंगांधळेपणा शेवटच्या दिवशी कळणे, हे दुःख सहज टाळता येते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दहावीच्या सुट्टीतच एकदा तपासून घ्यावे. पूर्व विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्याचीही चाचणी याच वयात झालेली बरी.

निवड झाली की घरी कागदपत्रांचा एक गठ्ठा येतो, आणि त्यातले दोन कागद वडिलांनी किंवा पालकाने सही करण्यापूर्वी स्वतः समजून घ्यायचे असतात. एकात पालक लिहून देतो की प्रशिक्षणाच्या काळात किंवा प्रशिक्षणामुळे आपल्या पाल्याला इजा झाली तर शासनाकडून भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला नाही, हे आपण पूर्णपणे समजून आहोत. दुसरा कागद हमीपत्राचा, की मुलाने प्रशिक्षण स्वतःहून अर्ध्यात सोडले तर त्याच्यावर झालेला खर्च परत करावा लागेल. निवास, भोजन, पुस्तके, गणवेश आणि औषधोपचार यांचा भार शासन उचलते आणि घराला मुख्यतः हातखर्चाची व सुरुवातीच्या सामानाची तजवीज करावी लागते, त्यामुळे पैशांच्या बाबतीत हे शिक्षण गरीब घराच्या आवाक्यातले आहे. पण या दोन सह्यांचे वजन वेगळे आहे. सोसायटीच्या कर्जाच्या आणि पीक विम्याच्या कागदांवर न वाचता सही करायची सवय लागलेल्या माणसाने हे कागद मात्र कुणाकडून तरी ओळीओळीने वाचून घ्यावेत, आणि घरच्या बाईलाही ते ऐकवावेत, कारण जोखीम दोघांची आहे.

ती जोखीम काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून एका प्रश्नाची दखल घेतली: १९८५ पासून देशाच्या लष्करी प्रबोधिन्यांतून सुमारे पाचशे छात्र प्रशिक्षणातल्या दुखापतीमुळे किंवा आजारामुळे वैद्यकीय कारणास्तव बाहेर पडले, आणि अधिकारपद मिळण्यापूर्वीच बाहेर पडावे लागल्याने त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यांच्यापैकी काही जण आयुष्यभर अंथरुणाला खिळले आणि त्यांचा सांभाळ आई-वडिलांवर आला. महिन्याला कमाल चाळीस हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य आणि न्यायालयाच्या दखलेनंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार, एवढ्यावर देशाने अशा मुलांबाबत थांबू नये. जे शासन गरीब घरातल्या मुलाला तीन वर्षे मोफत शिकवू शकते, त्याने त्या मुलाच्या मोडलेल्या मणक्याची जबाबदारी पूर्णपणे घेतली पाहिजे. हे पालकांना घाबरवण्यासाठी सांगितलेले नाही. सही करणाऱ्याला काय माहीत असायला हवे एवढेच त्यामागचे प्रयोजन आहे.

कोल्हापूर ते गोंदिया धावणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून जाते, त्यामुळे राज्याच्या एका टोकाचे हे घर आणि प्रबोधिनी एकाच गाडीने जोडलेली आहेत. परंतु मूल आत गेल्यावर अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. पहिल्या टर्ममध्ये फोन क्वचित येतो आणि आला तरी दोन मिनिटांचा. दिवस पहाटेच सुरू होतो. कवायत, पोहणे, घोडेस्वारी, वर्ग, मैदान आणि पुन्हा अभ्यास, शिवाय चुकीबद्दल किंवा कधी तेवढेही कारण नसताना होणारी शारीरिक शिक्षा, जिला तिथे 'रगडा' म्हणतात. ग्रीनहॉर्न, रोव्हर, तोरणा या नावांची शिबिरे सह्याद्रीच्या डोंगरांत होतात, आणि सपाट बांध्यांत वाढलेल्या मुलाला त्या चढणीची सवय मुद्दाम करावी लागते. अशा काळात घरून जाणारे शब्द फार जपून निवडावे लागतात. थकलेला आवाज ऐकून आईने परत ये म्हटले, तर मुलाचा निर्धार आतून पोखरला जातो. आणि गावची अब्रू तुझ्या हातात आहे असे बापाने म्हटले, तर जो थकवा एरवी रात्रीच्या झोपेने गेला असता त्याचे ओझे बनते. घरची रोवणी आटोपली, गाय व्याली, धाकटीला सायकल मिळाली, अशा साध्या बातम्या त्या दोन मिनिटांत सर्वांत उपयोगी ठरतात, कारण घर जागेवर आहे आणि आपल्यावाचून नीट चालले आहे हा दिलासा त्यांत असतो. खरोखरच्या छळाची किंवा दुखापत लपवण्याची खूण आवाजात जाणवली, तर मात्र पालकाने संकोच न करता मुलाच्या स्क्वाड्रनच्या अधिकाऱ्यांशी बोलावे. सहनशीलता आणि गप्प बसणे यांत फरक आहे.

अभ्यासात किंवा शारीरिक चाचणीत मागे पडलेल्या छात्राला तीच टर्म पुन्हा करावी लागते, याला तिथे रेलिगेशन म्हणतात. सोबतचे मित्र पुढे जातात आणि आपण सहा महिने मागे राहतो, हे त्या वयात अतिशय बोचते. घराला हे अपयश समजावून घेता आले नाही तर मूल ते लपवू लागते, आणि लपवलेले अपयश दुसऱ्या अपयशाला वाट करून देते.

या ठिकाणी गावाच्या वागण्याविषयी परखडपणे बोलणे भाग आहे. निवडीची बातमी येताच चौकात फ्लेक्स लागतो, सत्कार होतात, पुढाऱ्यांबरोबर फोटो निघतात, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाआधी मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिले जाते. आनंद खरा असतो, पण अजून प्रशिक्षणाचा पहिला दिवसही न पाहिलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर या सत्काराने जे ओझे पडते, ते कुणी पाहत नाही. उद्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तो परतला, किंवा हे आपले क्षेत्र नाही असे त्याला प्रामाणिकपणे उमगले, तर त्याच चौकातून त्याला मान वर करून चालता आले पाहिजे. निवड मंडळातून 'कॉन्फरन्स आउट' होऊन, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत टिकून अखेरच्या बैठकीनंतर नाकारला जाऊन, घरी आलेल्या मुलाला तर फ्लेक्सही नसतो. असतात ते शेजाऱ्यांचे प्रश्न. त्याला त्या संध्याकाळी हवे असते ते जेवणाचे ताट आणि दुसऱ्या दिवशीचे नेहमीचे काम. वाट इथे संपत नाही. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांना विशेष प्रवेश आहे, चेन्नईला १९६३ पासून चाललेली अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, आणि निवड मंडळाच्या मुलाखतीच्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, जिथे पात्र ठरलेल्या उमेदवारांना मोफत निवासी वर्ग मिळतो. त्याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारली तर मिळते.

जे टिकतात त्यांच्या आई-वडिलांना एक मान मिळतो. डेहराडूनला संचलन संपल्यावर नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे तारे आई-वडील स्वतःच्या हातांनी उघडे करतात. त्या क्षणाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत नेहमी येतात, आणि ती पाहून अनेक मुले या वाटेकडे वळतात, हे चांगलेच आहे. परंतु त्या हातांनी आधीच्या सात-आठ वर्षांत काय काय केले, किती ठिकाणी धरले आणि किती ठिकाणी सोडून दिले, ते छायाचित्रात येत नाही. आणि पुढच्या घराला उपयोग असतो तो त्याच माहितीचा.

ही माहिती पोचवण्याचे काम गोंदिया जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी अंगावर घ्यावे, ही कळकळीची विनंती आहे. त्यासाठी निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आठवीच्या पालकसभेत अर्धा तास काढून सैनिक शाळा, सेवापूर्व संस्था आणि एनडीए यांची वये व तारखा सांगाव्यात, आणि सभेला न येणाऱ्या पालकाच्या घरी, विशेषतः मुलीच्या घरी, स्वतः जाऊन सांगावे. जिल्ह्यातल्या निवृत्त जवानांना शाळेत बोलावून त्यांच्या अधिकाऱ्यांविषयी बोलते करावे. एनडीएच्या एप्रिलच्या परीक्षेची जाहिरात साधारण डिसेंबरात आणि सप्टेंबरच्या परीक्षेची मे महिन्यात निघते. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना परीक्षेचे शुल्क नाही, इतर बहुतेकांना ते शंभर रुपये आहे. एवढे तरी प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असावे.